तत्त्व माझं, हाडं आईची

आमच्या घरात रोज दीड लिटर दूध येतं. मी त्यातला एक थेंबही घेत नाही. पण त्याचं महिन्याचं बिल माझ्या खात्यातून जातं. या दोन गोष्टींचा मेळ कसा लावायचा, हा या लेखाचा विषय आहे.

दूध सोडून मला तीन वर्षं झाली. कारणं नवीन नाहीत. म्हैस दूध देते कारण तिला रेडकू झालेलं असतं, आणि ते नर असेल तर शहराजवळच्या तबेल्यात त्याला फार दिवस कुणी पोसत नाही. आटलेली म्हैस पोसणंही परवडत नाही. मुंबईतले तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. माझ्या आजोबांच्या पिढीला बाटलीतलं आरेचं दूध ही प्रगती वाटली, आणि ती होतीही. पण तबेला लांब गेला म्हणून रेडकाचं गणित बदललं नाही, ते डोळ्यांआड झालं इतकंच. हे डोक्यात पक्कं बसल्यावर मला दूध पिववेना. त्याच ओघात मासेही सुटले. माझगावात राहून मासे सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भाऊचा धक्का आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

इथपर्यंत प्रश्न माझ्या ताटापुरता होता, आणि आपल्या ताटातलं काय सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवावं यावर आमच्या घरात कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न उभा राहिला तो आईच्या एका रिपोर्टमुळे. तिचं वय अठ्ठावन्न. हाडांच्या घनतेची तपासणी केली, तर हाडं विरळ होऊ लागली आहेत असं निघालं. डॉक्टरांनी कॅल्शियम वाढवा, ड जीवनसत्त्व घ्या, चाला, असं सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात आईने स्वतःहूनच एक प्रस्ताव मांडला. घरात दोन-दोन प्रकारचं करत बसण्यापेक्षा आम्हीही दूध बंद करतो, तू ते सोयाचं काय आणतोस तेच सगळ्यांना चालू करू, म्हणजे तुझ्या मनालाही लागणार नाही.

मला हवं होतं ते अगदी ताटात वाढून समोर आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते घ्यावं की नाही हे कळेना. मी पाळतो ते तत्त्व माझं आहे. त्याची किंमत दुसऱ्याच्या हाडांनी चुकवायची असेल आणि ती व्यक्ती आनंदाने तयार असेल, तर ते मान्य करणं योग्य आहे का?

उत्तराकडे जाण्याआधी किंमत खरोखर किती आहे ते पाहू. नाहीतर नैतिक चर्चा हवेत होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रौढ माणसासाठी दिवसाला ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसं आहे, असं २०१० साली म्हटलं होतं. २०२० च्या सुधारित शिफारशीत तो आकडा १००० झाला. पाळी गेलेल्या बायकांसाठी तो १२०० आहे. म्हणजे दहा वर्षांत कुणाच्याही ताटात काही न बदलता लाखो लोक पुरेशाचे अपुरे झाले. असे आकडे देववाणी नसतात. त्यांत सुरक्षिततेसाठी थोडी जास्तीची जागा ठेवलेली असते. पण ज्याला घरातलं एक मोठं कॅल्शियमचं साधन काढून घ्यायचं आहे, त्याने निदान हा आकडा समोर ठेवूनच बोलायला हवं.

गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातलं तीसेक टक्के शरीरात शोषलं जातं. आईच्या दिवसभराच्या चहात, दह्यात आणि रात्रीच्या कपात मिळून अर्धा लिटर दूध जातं असं धरलं, तर सहाशे मिलिग्रॅम झालं. निम्मी गरज भागली, तीही कुणी काही विचार न करता.

आता सोयाबीन. कोरड्या दाण्यात शंभर ग्रॅमला दोनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. ऐकायला बरं वाटतं. पण दाणे भिजवून, वाटून, उकळून, गाळून घरी जे सोयाचं दूध होतं, त्यात पाण्याचाच भाग मोठा असतो, आणि त्यातलं कॅल्शियम जनावराच्या दुधाच्या पाव हिश्शाहूनही कमी भरतं. बाजारातल्या पाकिटात ते वरून घातलेलं असेल तरच बरोबरी होते, आणि घातलेलं असलं तरी ते तळाशी बसतं. पाकीट हलवलं नाही तर कॅल्शियम पाकिटातच राहतं. टोफूचंही तसंच. कॅल्शियम सल्फेट घालून गोठवलेल्या टोफूत भरपूर कॅल्शियम असतं आणि ते दुधातल्याइतकंच शोषलं जातं. लिंबू किंवा व्हिनेगर पिळून घरी केलेल्या टोफूत प्रथिनं तीच, पण कॅल्शियमची ती जास्तीची भर नाही. सोयाच्या वड्या म्हणजे तेल काढून उरलेल्या पिठाच्या; तीस ग्रॅम वड्यांतून फार तर शंभरेक मिलिग्रॅम मिळतं. आणि नारळाचं दूध, ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या दूधच म्हणत आलो, त्यात कॅल्शियम जवळपास नाहीच. 'दूध' या शब्दावर विसंबून आहार ठरवू नये, हा यातला धडा. सोयाच्या पेयाला पाकिटावर दूध म्हणायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बंदी केली आहे. त्यामागे दूध उत्पादकांचं हित किती आणि ग्राहकाचं किती हा वाद बाजूला ठेवू. पण आईसारख्या ग्राहकाचा तिथे एखादा गैरसमज टळतो, हे खरं आहे.

दुधाविना कॅल्शियम मिळवायचं तर सोयापेक्षा आपल्या जुन्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. तिळात, साल न काढलेल्या, हजाराच्या वर. पण त्यातलं बरंचसं ऑक्झलेटमध्ये अडकलेलं. राजगिऱ्याच्या आणि शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या घरात. पालकाचा उगाच बोलबाला आहे. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला असं धरून ठेवतं की जेमतेम पाच टक्के हाती लागतं. कोबी, मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला यांत ऑक्झलेट कमी, म्हणून शोषण चांगलं. लहान मुलांसाठी आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात, पण नाचणीतलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात दाण्याच्या सालीत असतं आणि सत्त्व गाळताना चोथ्याबरोबर त्यातलं बरंच जातं.

आणि माझगावात दुधाविना कॅल्शियमचं सगळ्यात जुनं, सगळ्यात स्वस्त साधन कुठलं, तर काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी. सुकट, जवळा, कुरकुरीत तळलेली मांदेली. कोळीवाड्यातल्या आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या घरात ज्या बायकांना दुधाचा कप कधी मिळाला नाही, त्यांना निदान हे मिळालं. माझ्यासाठी ते बंद आहे, आणि ज्या कारणाने दूध बंद आहे त्याच कारणाने बंद आहे. म्हणजे मी घरासमोर जो आदर्श ठेवतो आहे, त्यात कॅल्शियमची दोन सोपी साधनं जातात आणि त्यांच्या जागी चार अवघड साधनं येतात.

अवघड म्हणजे अशक्य नव्हे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या, दीड-दोन चमचे तिळाची चटणी, एक वाटी राजगिऱ्याची भाजी, शंभर ग्रॅम चांगला टोफू. कागदावर हजाराचा आकडा ओलांडता येतो. शोषणाचा हिशेब धरून एखादी गोळी जोडली की भागतं. गोळी हा तर सर्वांत सरळ उपाय. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे शेवटी चुनखडीच. आईला त्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, म्हणून दोन आठवड्यांनी पाकीट डब्यात तसंच पडून राहतं, हा भाग वेगळा. दुधाशिवाय राहणाऱ्याने ब-१२ ची गोळी घ्यायलाच हवी, तीही मोजा. म्हणजे पोषणशास्त्र माझ्या विरोधात नाही. पण 'कागदावर जमतं' आणि 'रोज होतं' यांमध्ये कुणाची तरी मेहनत असते. नाचणी निवडणं, भाकरी थापणं, पाला खुडणं, टोफूच्या पाकिटामागचा मजकूर वाचणं. दुधाचं खरं सामर्थ्य त्यातल्या कॅल्शियमपेक्षा त्याला लक्ष द्यावं लागत नाही यात आहे. पिशवी कापली, तापवलं, झालं. ते काढून घेतलं की त्याच्या जागी रोजचं लक्ष द्यावं लागतं, आणि आपल्या घरांत हे लक्ष कुणी द्यायचं ते न बोलता ठरलेलं असतं. मूल्य मुलाचं आणि मिक्सर आईचा, ही वाटणी मला नैतिक वाटत नाही, मूल्य कितीही चांगलं असलं तरी.

या प्रश्नावर आपल्याच शहरात, आपल्याच राज्यात एका माणसाने स्वतःच्या घरासह प्रयोग करून ठेवले आहेत. गांधींच्या आहाराच्या प्रयोगांची टिंगल करणं सोपं आहे. पण त्यांतले तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले, तर माझ्या प्रश्नाचे तीन वेगवेगळे चेहरे दिसतात.

पहिला प्रसंग आमच्यापासून दोन-तीन किलोमीटरवरचा, गिरगावातला, १९०२ च्या सुमाराचा. दक्षिण आफ्रिकेतून परतून गांधी मुंबईत वकिली थाटत होते. दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने आणि न्यूमोनियाने आजारी पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधींनी नकार दिला. ते मुलाशी बोलले, मुलाने वडिलांच्या बाजूने कौल दिला, आणि पाण्याचे उपचार सुरू झाले. ताप चढत गेला. एका रात्री मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून, त्याला आईच्या हवाली करून ते चौपाटीवर रामनाम घेत फिरून आले. मुलाला घाम फुटला, ताप उतरला, मणिलाल जगला. आत्मकथेत गांधी हे लपवत नाहीत, आणि मुलगा कशाने वाचला, ईश्वरकृपेने, पाण्याने की शुश्रूषेने, हे कुणी सांगावं, असंही म्हणतात.

दुसरा प्रसंग मुंबईतलाच, १९१९ च्या सुरुवातीचा. गांधींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. ते आधी संयमासाठी, पण गाईम्हशींचं दूध काढताना त्यांचा जो छळ होतो त्याची माहिती वाचून तो निश्चय पक्का झाला होता. खेड्यातल्या सैन्यभरतीच्या मोहिमेनंतर अतिसाराने ते मरणाच्या दारात गेले. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. गांधी म्हणाले, माझी शपथ आहे. बाजूला उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? शपथ घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. गांधींनी शेळीचं दूध घेतलं, जगले, आणि शपथेचं अक्षर पाळून तिचा आत्मा मारला हे शल्य पुढे बाळगत राहिले.

तिसरा प्रसंग वर्ध्याचा, १९३५ चा. मगनवाडीत राहत असताना सामायिक स्वयंपाकात सोयाबीन आणून पाहिलं गेलं, आणि 'हरिजन'मधून गांधींनी त्यावर लिहिलं. गरिबाला परवडेल असं, दुधाची आणि डाळीची उणीव भरून काढणारं काही मिळतं का, हा शोध होता. त्याच सुमारास सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात एफ. एस. काळे या अधिकाऱ्यांनी सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लिहिलं, १९३६ साली, तीनशे पाककृतींसह. आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून देशातलं बहुतेक सोयाबीन पिकवतात, पण ते माणसाच्या ताटात येतं ते मुख्यतः तेल म्हणून. पेंड मोठ्या प्रमाणात जनावरांच्या, विशेषतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. गरिबाच्या ताटासाठी ज्या दाण्याचा विचार झाला, त्याचा बहुतेक भाग आता अंडं आणि मांस होऊन दुसऱ्याच्या ताटात जातो.

या तीन प्रसंगांत मला रस आहे तो संमतीमुळे. १९१९ मध्ये पणाला लागलेलं शरीर गांधींचं स्वतःचं होतं. शपथ मोडायची की मरायचं हे ठरवायचा अधिकार त्यांचाच होता. मगनवाडीत इतर माणसं होती, पण ती प्रौढ होती आणि आपण कुठे राहायला आलो आहोत हे जाणून आली होती. गिरगावात मात्र दहा वर्षांचा तापलेला मुलगा होता. त्याला विचारलं गेलं हे खरं आहे, पण त्या वयात, त्या ग्लानीत, अशा वडिलांना 'नाही' म्हणणं त्याला कितपत शक्य होतं? त्याचं 'हो' हे वडिलांच्या तर्काला होतं की वडिलांना? मणिलाल जगला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, आणि तो दगावला असता तरी केवळ त्यामुळे तो चूक ठरला नसता. निर्णयाची नैतिकता निकालाच्या आधीच ठरलेली असते: कुणाच्या जिवावर, कुणाच्या श्रद्धेसाठी, कुणाच्या होकाराने.

आई दहा वर्षांची नाही. अठ्ठावन्न वर्षांची, चार माणसांचं घर चालवलेली बाई आहे. ती 'आम्हीही सोडतो' म्हणते, तेव्हा तिच्या संमतीवर मी शंका घेणं हा तिचा अपमान नाही का? या आक्षेपात तथ्य आहे. आयांच्या प्रत्येक निर्णयामागे मुलांचं प्रेम शोधून तो निर्णय रद्द ठरवणं, हाही एक प्रकारे त्यांना अजाण ठरवण्याचा मार्ग आहे. पण इथे तिने कारण स्वतःच सांगितलं आहे: तुझ्या मनाला लागणार नाही. रेडकाचं तिच्या बोलण्यात कुठे नाव नव्हतं. मी जे कारण देतो ते तिला पटलेलं असतं, तर तिची हाडं हा तिचा त्याग झाला असता, आणि त्याग करायचा तिला पूर्ण हक्क आहे. पण ती रेडकासाठी नाही, माझ्यासाठी सोडते आहे. मग फायदा रेडकाच्या खात्यावर दाखवून कर्ज मात्र मी घेतोय, असं होतं. आणि मी ते घेतलं, तर प्राण्यांना साधन म्हणून वापरू नये असं म्हणणारा मी, आईचं प्रेम माझ्या तत्त्वाचं साधन म्हणून वापरतो.

इथे एक जुना हिशेबही येतो. आमच्या पिढीपर्यंत चाळीतल्या घरांत दूध कसं वाटलं जायचं ते आजी सांगते. आधी मुलगे, मग कामावर जाणारा पुरुष, मग चहा, आणि चहात जे उरेल ते बाईचं. मला रोज रात्री दुधाचा पेला मिळायचा. ताईला मिळायचा तो मी पितो म्हणून तीही मागायची म्हणून. आईला चहातलं चमचाभर. माणसाची हाडं साधारण तिशीपर्यंत भरत जातात, आणि पुढच्या आयुष्यात तो साठा कमी कमी होत जातो. बायकांचा पाळी गेल्यावर झपाट्याने. म्हणजे मी ज्या हाडांवर ताठ उभा राहून दुधाला नकार देतो आहे, ती दुधाने बांधलेली आहेत, आणि आईची विरळ झालेली हाडं ही थोडीफार त्याच वाटपाची दुसरी बाजू आहे. यात माझा दोष नाही. सहा वर्षांच्या मुलाला कुणी हिशेब मागत नसतो. पण ज्याचा साठा भरलेला आहे त्याने ज्याचा साठा रिकामा होतो आहे त्याला 'आता आपण दोघंही थांबू' म्हणणं, हे वरवर समान दिसलं तरी समान नाही.

याच्या विरोधात सगळ्यात जड आक्षेप राहतोच. तो असा: संमतीच्या एवढ्या गोष्टी करतोस, रेडकाने कुठे संमती दिली होती? दूध घेणं हा जर त्या जनावरावर अन्याय असेल, तर तो आईने प्यायल्याने कमी होत नाही. गुलामांच्या मालकाच्या घरी म्हातारी आई होती म्हणून गुलामगिरी चालू ठेवावी, असं कुणी म्हटलं असतं तर आपण ते ऐकून घेतलं असतं का?

या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. एखादी गोष्ट अन्याय्य आहे असं मला वाटणं, हे एक. तो अन्याय थांबवण्याची किंमत कुणाकडून वसूल करायचा मला अधिकार आहे, हे दुसरं. पहिल्यातून दुसरं आपोआप निघत नाही. गुलामगिरी थांबवायला समाजाने कायदा केला. त्यामागे वाद झाला, आणि त्याची किंमत समाजावर पसरली. मी घरात जे करू शकतो ते तसं नाही. माझ्या हातात दोनच हत्यारं आहेत, माया आणि पगार. मायेच्या जोरावर आईला दूध सोडायला लावणं काय आहे ते वर आलंच. आणि बिल भरणं बंद करणं, म्हणजे 'मी तुम्हाला नको म्हणत नाही, पण माझ्या पैशाने नाही', हे दिसायला स्वच्छ आहे, पण बाबा निवृत्त झालेल्या घरात त्याचा अर्थ सरळ सक्ती असा होतो. हात स्वच्छ ठेवण्याची हौस पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने भागवली जाते.

घरातला सर्वांत लहान चेहरा ताईच्या मुलीचा आहे. ती दीड वर्षाची आहे आणि आठवड्याचे पाच दिवस आमच्याकडे असते. तिच्या बाबतीत मला चर्चाही करावीशी वाटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला घरचं सोयाचं दूध आईच्या दुधाच्या जागी देता येत नाही, हे स्पष्ट आहे; त्यानंतरही एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि पोट मुठीएवढं असतं. काळजीपूर्वक आखून तेही दुधाविना भागवता येईल, पण ती काळजी घ्यायची की नाही हे ताईने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं आहे. मामाची तत्त्वं भाचीने मोठी झाल्यावर ऐकावीत, आवडली तर घ्यावीत. गिरगावच्या त्या रात्रीचा अर्थ मी असा लावतो, की मूल वाचलं तरी तो प्रयोग पुन्हा करण्याजोगा नाही.

मग उरतं काय? मी आईचा प्रस्ताव नाकारला. दूध येत राहील आणि बिल मी भरत राहीन. सोयाचं दूध करायचं असेल तेव्हा भिजवण्यापासून चोथा काढून भांडं घासण्यापर्यंत ते काम माझं, आणि घरात कुणी मागितलं तर द्यायचं, आपणहून पुढे करायचं नाही. नाचणी आणि तीळ मात्र सगळ्यांसाठी वाढवले, कारण त्यांत कुणाचं काही जात नाही. दुधाबरोबरही ते हाडांच्या कामाचेच आहेत. टोफू आणताना पाकिटाच्या मागे कॅल्शियम सल्फेट शोधतो. आईला मासे आवडतात, ती सुकट खाते, मी त्या वासाबद्दल काही बोलत नाही. उद्या ती स्वतःच्या कारणाने दूध सोडते म्हणाली, तर तिचं ताट दुधाविना पुरेसं कसं करायचं याचा हिशेब माझ्याकडे तयार आहे.

पण यातून दीड लिटरचं काही झालं नाही. ते रोज येतं, आणि कुठल्या तरी तबेल्यातल्या रेडकाच्या वाट्याचं येतं, ही माझी समजूत आईच्या हाडांकडे पाहून बदललेली नाही. अनेकांना वाटतं की योग्य निर्णय घेतला की मन शांत होतं, आणि शांत झालं नाही तर निर्णयात काही तरी खोट असणार. मला हे पटत नाही. दोघांचं देणं असेल आणि एकाचंच फेडता येत असेल, तर दुसऱ्याचं रद्द होत नाही, ते बाकी राहतं. आईचं देणं मी फेडतो आहे, कारण ते माझ्यावर जास्त जवळचं आणि जास्त जुनं आहे. दुसरं देणं दर महिन्याला बिल भरताना माझ्यासमोर येतं. ते दिसेनासं होऊ नये, म्हणून बिल आपोआप भरलं जाण्याची सोय असूनही मी ती लावलेली नाही.